जोखीम आणि भरवसा

देवावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाने येऊ घातलेल्या संकटांचे गणित मांडावे काय? हा प्रश्न धर्मग्रामातील घराघरांतून निरनिराळ्या रूपांनी आमच्या कानांवर येत असतो. वादळाची सूचना आली की घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, ‘त्याच्या मनात असेल ते होईल.’ त्याच घरातला शिकलेला मुलगा म्हणतो, ‘त्याच्या मनात काय आहे ते आपल्याला कळणार नाही, पण छपराचे पत्रे सैल झाले आहेत, हे तर दिसते आहे!’ या दोघांपैकी कोणाचे बोलणे श्रद्धेचे आणि कोणाचे अश्रद्धेचे? आम्हांला वाटते, या प्रश्नाचा निवाडा घाईने करू नये. त्याच्या पोटात आणखी दोन प्रश्न दडलेले आहेत. संकटांचे गणित मांडायचे म्हणजे नेमके काय मोजायचे? आणि ते कोणासाठी मोजायचे?

आपल्या मराठीत ‘जोखीम’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. जोखीम म्हणजे धोका, हे तर खरेच; पण प्रवासाला निघालेल्या बाईच्या अंगावर दागिने असतील, तर ‘अंगावर जोखीम आहे, जपून जा’ असेही आपण म्हणतो. कोणी विश्वासाने हाती सोपविलेली मोलाची वस्तू ही देखील जोखीमच. आणि जोखणे म्हणजे तोलणे, वजन पारखणे. धोका, ठेव आणि तोल यांचा ज्या भाषेत असा शेजार आहे, त्या भाषेच्या लेकरांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. धोका जोखायचा तो हाती सोपविलेल्या ठेवीसाठी; आणि आपले व आपल्या शेजाऱ्याचे जीवित याहून मोठी ठेव ती कोणती?

लिस्बनमधील सकल संतांचा सण

१ नोव्हेंबर १७५५ हा दिवस युरोपच्या विचारविश्वात कायमचा कोरला गेला आहे. त्या दिवशी सकल संतांचा सण होता. पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथील चर्चेस भाविकांनी भरून गेली होती, वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. सकाळी साडेनऊच्या सुमारास धरणी हादरली. कमानी आणि घुमट प्रार्थना करणाऱ्यांवर कोसळले. जे वाचले, ते उघड्या जागेच्या शोधात नदीच्या धक्क्याकडे धावले. भूकंपात उघडी जागाच सुरक्षित, हा त्यांचा विचार चुकीचा नव्हता. पण काही वेळाने समुद्राच्या प्रचंड लाटा नदीमुखातून आत शिरल्या, आणि जी जागा पहिल्या संकटातील आसरा होती, तीच दुसऱ्या संकटाचा घास ठरली. इकडे शहरात कलंडलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी आग लागली. ती कित्येक दिवस धुमसत राहिली.

या घटनेने युरोपातील विचारवंत खडबडून जागे झाले. जगात जे आहे ते सर्व उत्तमच आहे, या त्या काळच्या आशावादावर व्होल्टेर यांनी काव्यातून कठोर प्रहार केला. त्यांना उत्तर देताना १७५६ मध्ये रूसो यांनी एक निराळाच मुद्दा मांडला. उंच उंच घरे एकाच जागी दाटीवाटीने निसर्गाने नव्हे, माणसांनी बांधली होती, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी इमॅन्युएल कांट यांनी भूकंपाच्या नैसर्गिक कारणांवर तीन निबंध लिहिले. आणि लिस्बनमध्येच गाब्रिएल मालाग्रिडा या जेझुइट धर्मगुरूंनी पुस्तिका काढून प्रतिपादन केले, की या अनर्थाचे खरे कारण लोकांची पापे हेच आहे, आणि नैसर्गिक कारणे सांगणारे लोक जनतेला पश्चात्तापापासून दूर नेत आहेत. पुढे राजसत्तेने या वृद्ध धर्मगुरूंचा जो क्रूर शेवट १७६१ मध्ये घडवून आणला, तो अन्यायच होता. तरीही त्यांच्या प्रतिपादनाशी आम्ही सहमत होऊ शकत नाही. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती यरुशलेममधील इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभू येशूने स्वतःच उपस्थित केला आणि त्याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी दिले. पश्चात्तापाचे आवाहन त्याने केले, पण मृतांवर दोषारोप केला नाही.

या गदारोळात एक घटना फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही. राजाचे मंत्री, जे पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून प्रसिद्ध झाले, त्यांच्या कारकिर्दीत १७५६ साली देशातील धर्मग्रामांकडे एक प्रश्नावली धाडण्यात आली. धक्का किती वेळ टिकला? किती घरे पडली? किती माणसे दगावली? समुद्र आधी ओसरला की चढला? जमिनीला भेगा पडल्या काय? उत्तरे द्यायची होती गावोगावच्या धर्मगुरूंनी. ती उत्तरे आजही पोर्तुगालच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेली आहेत, आणि भूकंपशास्त्राचे अभ्यासक त्यांचा आधार घेतात. नव्या लिस्बनची घरे बांधताना भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा सांगाडा बसविण्यात आला, तो भूकंपासाठी. आणि दोन घरांमधील भिंती छपराच्याही वर नेण्यात आल्या, त्या आगीसाठी. म्हणजे एकाच घराने दोन संकटांची आठवण आपल्या अंगात वागविली. भूकंपाचा अर्थ काय, यावर पंडित वाद घालीत असताना गावातला साधा धर्मगुरू आपल्या लोकांची पडलेली घरे मोजीत होता. त्या मोजणीला आम्ही प्रार्थनेहून कमी दर्जाचे काम मानीत नाही.

सुज्ञतेची अंगे

सुज्ञता, न्याय, धैर्य आणि संयम हे चार मूलभूत सद्गुण आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले असतात. त्यांपैकी सुज्ञतेकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. सुज्ञ माणूस म्हणजे अंग राखून वागणारा, चतुर माणूस, असा एक हलका अर्थ आपल्या मनात रुजला आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी मात्र या सद्गुणाची अंगे एकेक करून उलगडून दाखविली आहेत. त्यांतील चार आमच्या विषयाला थेट भिडतात. स्मृती, म्हणजे घडून गेलेल्या गोष्टींचे प्रामाणिक स्मरण. दूरदृष्टी, म्हणजे अजून न घडलेल्याकडे पाहून आजची कृती ठरविणे. चौफेर दृष्टी, म्हणजे एखादी गोष्ट स्वतःपुरती चांगली असली, तरी भोवतालच्या परिस्थितीत ती तशीच चांगली राहते की नाही, हे पाहणे. आणि सावधपणा, म्हणजे भल्यात मिसळलेले बुरे ओळखून ते टाळणे.

लॅटिन भाषेत दूरदृष्टीला जो शब्द आहे, तोच शब्द ईश्वराच्या पालनकर्त्या योजनेलाही वापरला जातो. देव आपल्या निर्मितीसाठी आधीपासून पाहतो आणि तरतूद करतो. माणूसही, आपल्या तोकड्या बुद्धीने का होईना, पाहतो आणि तरतूद करतो. एकाच कार्यातला हा थोरला व धाकटा वाटा आहे. ज्याने बुद्धी दिली, त्याच्यावर भरवसा ठेवायचा आणि त्याने दिलेली बुद्धी मात्र कोनाड्यात ठेवायची, हा भरवसा नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने प्रभूला सुचविले, तेव्हा त्याने जी गोष्ट नाकारली ती हीच होती.

पिनातुबोचे पाच प्रसंग

वरील चार अंगांपैकी चौफेर दृष्टी आम्हांला सर्वांत अवघड वाटते. का, ते फिलिपाइन्सच्या अलीकडच्या इतिहासातून नीट समजते. हा देश आपल्यासारखाच पावसावर जगणारा आणि बहुसंख्येने कॅथलिक. तिथे भूकंप, ज्वालामुखी, चक्रीवादळ, पूर आणि दरडी एकमेकांच्या उंबऱ्यावर नांदतात.

लुझॉन बेटावरील पिनातुबो हा पर्वत सुमारे ५०० वर्षे शांत होता. त्याच्या उतारांवर आएता हे आदिवासी लोक शिकार आणि डोंगरशेती करून राहत. १६ जुलै १९९० रोजी लुझॉनला भूकंपाचा जबर धक्का बसला आणि बागियोसारख्या शहरांत मोठी प्राणहानी झाली. भूकंपाने पर्वताला जागे केले की नाही, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. मात्र २ एप्रिल १९९१ रोजी पर्वताच्या अंगातून वाफेचे स्फोट झाले. ही बातमी राजधानीतील ज्वालामुखी संस्थेकडे पोहोचविली ती आएता लोकांमध्ये राहून सेवा करणाऱ्या, फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या संघाच्या एका धर्मभगिनीने. पर्वतावर त्या वेळी एकही यंत्र बसविलेले नव्हते. तिथे राहणारी माणसे होती, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेणारी माणसे त्यांच्याजवळ होती. धोक्याचे गणित यंत्रांपासून सुरू होते असे आपण समजतो. ते खरे पाहता गरिबाच्या घरी ऊठबस असलेल्या माणसापासून सुरू होते.

त्यानंतर फिलिपाइन्सचे आणि अमेरिकेचे शास्त्रज्ञ एकत्र आले. त्यांनी धोक्याच्या पाच पायऱ्या ठरविल्या, नकाशे काढले, आणि ज्वालामुखी काय करू शकतो हे दाखविणारी चित्रफीत अधिकाऱ्यांना व गावकऱ्यांना दाखविली. ती तयार करण्यात पुढाकार घेणारे फ्रेंच अभ्यासक मॉरिस क्राफ्ट आणि त्यांच्या पत्नी कात्या हे दोघेही त्याच वर्षी ३ जून रोजी जपानमधील उंझेन पर्वताच्या उद्रेकात मृत्युमुखी पडले. ९ जूनला पिनातुबोसाठी सर्वांत वरची, पाचवी सूचना देण्यात आली. दुसऱ्या दिवशी पायथ्याजवळच्या क्लार्क या अमेरिकी हवाई तळावरील सुमारे १४,५०० लोक हलविण्यात आले. गावेही रिकामी होत गेली. १५ जूनला पर्वताने आपले माथेच उडविले. विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी हा एक. वेळीच दिलेल्या सूचनेमुळे किमान ५,००० माणसांचे प्राण वाचले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

परंतु त्याच दिवशी युन्या नावाचे चक्रीवादळ लुझॉनवरून गेले. एरवी कोरडी राख छपरांवर पडली असती आणि लोकांनी ती झाडून काढली असती. वादळाच्या पावसाने ती भिजली. भिजलेली राख कोरडीच्या दुपटीपर्यंत जड होऊ शकते. वीतभरही नव्हे, केवळ चार बोटे जाडीचा ओला थर घेतला, तरी एका चौरस मीटर छपरावर १०० किलोच्या आसपास भार येतो. ज्वालामुखीच्या नकाशावर ही घरे धोक्याच्या वर्तुळाबाहेर होती. वादळासाठी ती पुरेशी भक्कम होती. दोन वेगवेगळ्या हिशेबांत सुरक्षित असलेली ही छपरे दोन्ही संकटे एकत्र येताच कोसळली. वादळापासून बचाव व्हावा म्हणून माणसे ज्या छपराखाली आली होती, त्याच छपराखाली सुमारे ३०० जणांचा अंत झाला.

याचा अर्थ असा, की दोन संकटांची निव्वळ बेरीज करून भागत नाही. एक संकट दुसऱ्याचा स्वभाव बदलते. एकापासूनची सुटका ही दुसऱ्याची वाट असते. लिस्बनच्या धक्क्यावर दिसले तेच येथेही दिसले. प्रत्येक संकटासाठी निराळे खाते, निराळा अधिकारी आणि निराळा नकाशा, ही आपली सरकारी पद्धत सोयीची आहे. पण पाऊस, राख आणि छप्पर यांना खाती ठाऊक नसतात. संत थॉमस ज्याला चौफेर दृष्टी म्हणतात, तिची गरज नेमकी येथे आहे.

आणि एवढ्यावर संपले नाही. या आपत्तीत सुमारे ८५० माणसे मृत्युमुखी पडली. छपरांखाली गेलेले सुमारे ३०० आणि चिखलाच्या लोंढ्यांत सापडलेले सुमारे १०० सोडले, तर उरलेले बहुतेक निर्वासितांच्या छावण्यांत गेले. गोवर, जुलाब आणि न्यूमोनिया ही त्यांच्या मृत्यूची कारणे. त्यांत आएता लेकरे फार मोठ्या संख्येने होती. डोंगरावर विरळ वस्तीत राहणारी ही मुले छावणीच्या गर्दीत आली, आणि ज्या रोगांना तोंड देण्याची त्यांच्या शरीराला सवय नव्हती, त्यांनी त्यांना गाठले. पर्वतापासून ती वाचली होती. वाचविणाऱ्यांच्या छावणीत ती गेली. छावणी उभारणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याविषयी आम्हांला शंका नाही. पण माणसे हलविली की हिशेब पुरा झाला, असे ज्या गणिताला वाटते, ते गणित अपुरे आहे.

कोणाचे नुकसान मोजायचे?

जोखीम मोजण्याची रूढ रीत अशी: संकट येण्याची शक्यता किती, आणि आल्यास नुकसान किती, यांचा गुणाकार करावयाचा. रीत उपयोगी आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न ‘नुकसान’ या एका शब्दाचा आहे. ते पैशांत मोजले, तर बंगल्यांची एक रांग झोपड्यांच्या दहा रांगांहून भारी ठरते. मग बांध कोठे घालायचा, नाला कोणत्या बाजूने वळवायचा, याचे उत्तर आपोआप ठरून जाते. आणि ते उत्तर शास्त्राने दिले, असे म्हणण्याची मोकळीकही मिळते. पण ते शास्त्राने दिलेले नसते. कोणत्या तराजूत तोलायचे, हे आपणच आधी ठरविलेले असते.

मंदिरातील दानपेटीसमोर बसून प्रभू येशूने एकदा मोठा विलक्षण हिशेब केला. श्रीमंतांनी पुष्कळ टाकले, एका विधवेने दोन क्षुल्लक नाणी टाकली. आणि सर्वांत अधिक तिने टाकले, असा निर्वाळा त्याने दिला. काय टाकले यापेक्षा मागे काय उरले, हे त्याने पाहिले. दानाला लावलेले हेच माप हानीला का लावू नये? बंगल्याची भिंत पडली, तर मालकाकडे विमा असतो, बँकेत ठेव असते, शहरात दुसरे घर असते. झोपडी वाहून गेली, तर त्या माणसाकडे काय उरते? शेतकऱ्याचा एकच बैल मेला, तर किंमत काही हजारांची. पण त्याबरोबर पुढच्या हंगामाची नांगरणी गेली, मुलीची शाळा गेली, सावकाराचा उंबरठा आला. किती गेले यापेक्षा काय उरले, हे विचारणारा हिशेब निराळा निघतो, आणि आमच्या मते तोच न्याय्य आहे.

येथे एक आक्षेप येईल. सर्वांनाच वाचविता येत नसेल, तर कोठेतरी आकडेमोड करून निवड करावीच लागणार. त्या वेळी ही भावनेची भाषा काय कामाची? आक्षेप रास्त आहे. निवड टाळता येत नाही, हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच आमचा आग्रह इतकाच, की निवड करणाऱ्याने आपला तराजू उघड दाखवावा, आणि ज्यांच्यावर धोका ढकलला जात आहे, त्यांना त्या तोलाच्या वेळी समोर बसवावे. दुसऱ्याची ठेव त्याला न विचारता पणाला लावणे, याला सुज्ञता म्हणता येत नाही.

योनाचा राग

सूचना देणाऱ्याचे दुःख बायबलमध्ये योना संदेष्ट्याने अनुभवले. निनवे नगरी नष्ट होणार, असे त्याने जाहीर केले. लोकांनी ते मनावर घेतले, पश्चात्ताप केला, आणि नगरी वाचली. योना मात्र रागावून नगराबाहेर जाऊन बसला. आपला शब्द खोटा पडला, याचे त्याला वाईट वाटले. सूचना ऐकली गेली म्हणून संकट टळले, हा तिचा विजय असतो. पण बाहेरून तो पराजयासारखा दिसतो.

पिनातुबोच्या शास्त्रज्ञांसमोर हेच संकट होते. लवकर सांगावे, आणि पर्वत गप्प राहिला, तर लोक पुढच्या वेळी ऐकणार नाहीत. उशिरा सांगावे, तर माणसे जाणार. त्यांनी पायऱ्या ठरविल्या त्या यासाठीच. कोणत्या लक्षणांनंतर कोणती सूचना द्यायची, हे शांत डोक्याने आधीच लिहून ठेवले होते आणि लोकांनाही सांगितले होते. जे ठाऊक आहे ते सांगायचे, जे ठाऊक नाही तेही सांगायचे, हा प्रामाणिकपणा आहे. परंतु हा प्रामाणिकपणा ऐकणाऱ्याकडूनही काही मागतो. सूचनेप्रमाणे घर सोडले आणि वादळ बाजूने निघून गेले, तर संतापून सांगणाऱ्याला दूषणे देणे हे योनाच्या रागाचेच दुसरे रूप. अशा वेळी देवाचे आभार मानून घरी परतावे. मात्र त्या दोन दिवसांची मजुरी ज्याची बुडाली, त्याच्या चुलीची चौकशी कोणीतरी केली पाहिजे. पगारदार माणसाला खोट्या ठरलेल्या सूचनेची किंमत पडत नाही, रोजंदारीवाल्याला पडते. तो पुढच्या वेळी घर सोडीत नाही, यात त्याचे अज्ञान नसते. त्याचाही एक हिशेब असतो.

बाकोलोरचे चर्च

पिनातुबोच्या उतारांवर साचलेली राख पुढे कित्येक वर्षे प्रत्येक पावसाळ्यात चिखल होऊन खाली येत राहिली. १ ऑक्टोबर १९९५ रोजी वादळी पावसात आलेल्या लोंढ्याने पांपांगा प्रांतातील बाकोलोर हे जुने गाव गाडले. तेथील सान गिलेर्मो या चर्चची उंची सुमारे १२ मीटर. त्यातील निम्मी जमिनीखाली गेली. पुढे लोंढे अडविण्यासाठी प्रचंड बांध घालण्यात आला. सान फेर्नांदो शहर बांधाच्या बाहेर, सुरक्षित बाजूला राहिले. बाकोलोरचा मोठा भाग बांधाच्या आत राहिला. थोरल्या शहराला वाचविण्याचा निर्णय गणिताच्या दृष्टीने बिनचूक असेलही. पण बांधाच्या आतल्या माणसाला त्या बिनचूकपणाचा काय दिलासा?

बाकोलोरच्या पुष्कळ लोकांनी मात्र गाव कायमचे सोडले नाही. त्यांनी वेदीमागचा कोरीव पडदा उकरून काढला आणि घुमटाखाली वर उचलून बसविला. जिथे पूर्वी खिडक्या होत्या, तिथून आता भाविक आत येतात. गाडल्या गेलेल्या फरशीवर सहा मीटर चिखल आहे, आणि त्या चिखलावर आज मिस्साबलिदान अर्पण होते. परतलेल्यांपैकी अनेकांनी आपली घरे खांबांवर उंच उभारली.

ही माणसे अविचारी म्हणायची काय? आम्हांला तसे म्हणवत नाही. त्यांनी धोका पाहिला, त्याची उंची मोजली, आणि मग राहायचे ठरविले. आपल्या माणसांची थडगी, आपली शेते, आपली बोली यांचेही वजन त्यांनी तराजूत टाकले. ते वजन सरकारी तक्त्यात मावत नाही. डोळे उघडे ठेवून स्वीकारलेला धोका आणि अंधारात ठेवून लादलेला धोका यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात माणसाची प्रतिष्ठा राहते; दुसऱ्यात ती हिरावून घेतली जाते. मात्र यालाही मर्यादा आहे. स्वतःसाठी धोका स्वीकारण्याचा हक्क बापाला असेल, पण पाळण्यातल्या लेकराच्या वतीने तो किती स्वीकारावा, याचा विचार त्याने देवासमोर करावा.

आपल्या दारी

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील, तर दूर जाण्याची गरज नाही. आपल्या पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के वारंवार बसू लागले. भिंती तडकल्या, लोक घराबाहेर, तंबूंत झोपू लागले. भूकंपासाठी उघडे आभाळ बरे. पण पावसाळ्यात त्या आभाळाखाली लेकरांना घेऊन कसे झोपायचे? ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, ते करोनाच्या साथीत. वादळ म्हणत होते, एका छताखाली या. साथ म्हणत होती, दूर राहा. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे डोंगर खचून वस्ती गाडली गेली आणि ८० हून अधिक माणसे दगावली. त्याच वेळी महाडला पुराचा वेढा पडलेला असल्यामुळे मदत पोहोचायला उशीर झाला. डोंगर आणि नदी यांनी आपसांत सल्ला केला नव्हता. तो आपण करायला हवा होता.

भीतीचा प्रचार करावा, असा आमचा हेतू नाही. मोजमापाच्याच आधारावर जगू पाहणाऱ्या माणसाचेही शुभवर्तमानात एक उदाहरण आहे. कोठारे मोडून थोरली कोठारे बांधणाऱ्या त्या धनवानाचा हिशेब बिनचूक होता. फक्त त्यात स्वतःखेरीज दुसरे कोणी नव्हते आणि त्या रात्रीचाही समावेश नव्हता. सर्व संकटे मोजून संपविता येतील, हा भ्रम भाबड्या श्रद्धेइतकाच घातक आहे. ज्याचे मोजमाप होते, ते आपण मोजावे. ज्याचे होत नाही, ते देवाच्या हाती सोपवावे. परंतु मोजण्याजोगे असूनही आळसाने न मोजलेले ओझे देवाच्या माथी मारू नये.

धर्मग्रामाला हे काम परके नाही. आपल्याकडे स्मृती आहे: कोणत्या वर्षी पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, कोणत्या विहिरीचे पाणी खारट झाले, कोणत्या बांधावर झाड होते तोवर माती धरून होती, हे आपल्या आजी-आजोबांना ठाऊक आहे. त्यांच्यामागे ते सांगणारे कोणी राहणार नाही. पोर्तुगालच्या गावोगावच्या धर्मगुरूंप्रमाणे आपणही प्रश्न विचारून उत्तरे वहीत उतरवू शकतो. आपल्या वॉर्डात अंथरुणाला खिळलेले कोण आहे? भाड्याच्या खोलीत नव्याने राहायला आलेले, ज्यांना ओढ्याचा स्वभाव ठाऊक नाही, असे कोण आहेत? रात्री पाणी चढले, तर पहिली हाक कोणाला मारायची आणि कोणत्या वाटेने जायचे? ती वाट दुसऱ्या संकटाच्या तोंडी तर जात नाही ना? आणि कामगार म्हणून आलेल्या परप्रांतीयांच्या झोपड्या या वहीत आहेत की वगळल्या आहेत?

अशी वही भरताना आपल्या लक्षात येईल, की धोका मोजायला बसलेला माणूस शेजाऱ्यांची घरे एकेक करून आठवू लागतो. ज्या घरापाशी त्याची लेखणी अडते, ज्या घरातील माणसांची नावे त्याला ठाऊक नाहीत, तिथे त्याने उठून जावे आणि विचारून यावे.